आज्ञावली अडते कोठे? ग्रंथालयांसाठी एक धडा

पुण्याच्या सदाशिव पेठेत ग्रंथसंग्रहाची परंपरा जुनी आहे. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत आहे. आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या अभ्यासिकांनी पेठेच्या गल्लीबोळांना नवे रूप दिले आहे. अशा लहानमोठ्या वाचनालयांची दाखल नोंदवही व देवघेव आता संगणकावर येत आहे. संगणक बदलताना त्यांच्यापुढे उभी राहणारी एक अडचण येथे समजावून घेऊ.

जुन्या संगणकावरील नोंदींची फाइल नव्या संगणकावर आणली जाते. मग कपाटातील सीडीवरून आज्ञावली बसविली जाते, आणि अखेरच्या टप्प्यावर काम अडते. पडद्यावर इंग्रजीत सूचना येते, तिचा आशय असा: हा डेटाबेस ७०६ आवृत्तीचा आहे, हा सर्व्हर ६६१ व त्यापूर्वीच्या आवृत्त्या चालवितो. अशा वेळी तीच आज्ञावली पुन्हा पुन्हा बसविली जाते. तो श्रम व्यर्थ होय.

हे आकडे एसक्यूएल सर्व्हरचे अंतर्गत क्रमांक आहेत. ७०६ म्हणजे २०१२ ची आवृत्ती, ६६१ म्हणजे २००८ आर-२. नोंदी नव्या सर्व्हरवर तयार झाल्या, सीडीने मात्र जुना सर्व्हर बसविला. पुस्तकाची कोणतीही आवृत्ती कोणीही वाचावी. डेटाबेसचे तसे नाही. नवा सर्व्हर जुनी फाइल उघडतो, जुन्याला नवी उघडत नाही. राखीव प्रतीचीही तीच गत.

उपाय म्हणजे २०१२ वा त्यानंतरचा सर्व्हर बसवून फाइल त्याला जोडणे. मात्र आपली आज्ञावली त्या सर्व्हरवर चालते काय, हे पुरवठादारास आधी विचारावे. जुना सर्व्हर काढून टाकण्याची घाई नको. एकाच संगणकावर दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. २०१२ च्या आवृत्तीचाही विस्तारित आधार जुलै २०२२ मध्ये संपला आहे, हे निवड करताना ध्यानात असावे.

खरा धोका येथेच आहे. नव्या सर्व्हरने जुनी फाइल उघडली की तो तिचे रूपांतर करतो, आणि मग परतीचा मार्ग उरत नाही. मूळ फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवलेली नसेल, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी अडकून पडतात. मग त्या मजकूररूपाने बाहेर काढून जुन्या सर्व्हरमध्ये भराव्या लागतात. त्या वेळी युनिकोड न निवडल्यास मराठी ग्रंथनामांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी उमटतात. प्रथम दहा-वीस नोंदींवर प्रयोग करून पाहावा.

राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालय प्रणालीची तिसरी आवृत्ती एसक्यूएल सर्व्हरवर चालत असे. चौथी पोस्टग्रेएसक्यूएलवर चालते. तेथे फाइल नुसती जोडून भागत नाही. नोंदींचे स्थलांतरच करावे लागते, आणि ते झाल्यावर दाखल क्रमांकांची एकूण संख्या जुन्या यादीशी ताडून पाहावी लागते.