लहान कुत्र्यांची खाज व तिची व्यवस्था

शेतकऱ्याच्या घरीं राखणीचा कुत्रा पूर्वापार असतो. अलीकडे त्याच्या जोडीस पॉमेरेनियन किंवा पग यांसारखा लहान कुत्राही वस्तीवर दिसूं लागला आहे. अशा कुत्र्यास खाज सुटली म्हणजे पिकावरील कीटकनाशक पाण्यांत कालवून चोळणें किंवा इंजिनाचें जळकें तेल फांसणें, हे उपाय हाताशीं असल्यामुळें केले जातात. ते घातक आहेत. कुत्रा अंग चाटतो. त्यामुळें विष कातडींतून व पोटांतून, अशा दोन्ही वाटांनीं शरीरांत शिरतें. लाळ गळणें, उलटी, थरकांप व झटके हीं विषबाधेचीं लक्षणें होत. चार-पांच किलो वजनाच्या प्राण्याचा जीव जाण्यास अशी थोडी मात्राही पुरते. म्हणून आधीं कारण ओळखावें, मग उपाय करावा, असें आमचें सांगणें आहे.

खाज हें लक्षण आहे. तिचीं मुख्य कारणें चार :

(१) पिसवा.— शेपटीचें मूळ व मांड्या येथें खाज अधिक. कुत्र्यास पिसूच्या लाळेचें वावडें असल्यास थोडे दंशही पुरतात. केस ओल्या पांढऱ्या कागदावर विंचरावे. पडलेल्या काळ्या कणांभोंवतीं तांबूस डाग उमटल्यास ती पिसवांची विष्ठा समजावी.

(२) लूत.— हिचे किडे डोळ्यांस दिसत नाहींत. कानांच्या कडा व कोपरें यांवर खपल्या धरतात, केस झडतात. घरांतील माणसांसही खाज सुटल्यास हिचा संशय घ्यावा.

(३) धूळ व पराग यांचें वावडें.— हें बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयांत प्रथम दिसतें. कुत्रा पंजे चाटतो, कान व तोंड घासतो.

(४) अन्नाचें वावडें.— ही खाज बारमाही असते. पूर्वीं कधीं न दिलेलें एकच मांस व एकच धान्य आठ आठवडे द्यावें. दूध, बिस्किट, ताटांतील उष्टें सर्व बंद. खाज थांबून जुन्या अन्नानें पुन्हां सुरू झाली, तर कारण निश्चित झालें.

पिसवांची अंडीं अंगावरून खालीं पडतात व कोश अंथरुणांत, फटींत महिनोन्महिने टिकतात. यास्तव अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यांत धुवावें, कोपरे झाडावे आणि घरांतील सर्व कुत्र्यामांजरांस एकाच वेळीं औषध द्यावें. मात्र कुत्र्याचें पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजरास कधींही लावूं नये. तें त्यास मारक आहे. स्नानास कोमट पाणी व कुत्र्यांसाठींचाच शांपू घ्यावा. फेंस दहा मिनिटें ठेवून धुवावा व अंग नीट कोरडें करावें. माणसांचा साबण वापरूं नये.

कातडीस घाण वास, पू किंवा कानांतून स्राव असल्यास पशुवैद्याकडे विनाविलंब जावें. स्टेरॉइडनें खाज लवकर शमते, पण मूळ कारण तसेंच राहतें. तें आपल्या मनानें देऊं नये. गुरांसाठीं आणलेलें आयव्हरमेक्टिनही टोंचूं नये : त्याच्या एक टक्का द्रावणाचा १ मिलिलिटर ५० किलो वजनाच्या जनावराची मात्रा आहे.

औषध वजनावर ठरतें. धान्याच्या कांट्यावर कुत्र्यास घेऊन उभें राहावें व आपलें वजन वजा करावें. तो आंकडा व खाजेची जागा कागदावर टिपून पशुवैद्यास दाखवावी. योग्य उपचाराचें अर्धें काम तेथेंच होतें.