निवृत्तीनंतरची चित्रशाळा

सेवानिवृत्तीचे नियोजन करताना आपण रकमेचा हिशेब चोख ठेवतो, वेळेचा मात्र ठेवीत नाही. ‘निवृत्त झाल्यावर पाहू’ म्हणून बाजूला ठेवलेला चित्रकलेचा छंद निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू होत नाही. सकाळचे वर्तमानपत्र दुपारपर्यंत लांबते आणि पहिले वर्ष असेच सरते. पुढे गुडघे आणि मोतीबिंदू आपले म्हणणे मांडू लागतात. म्हणून छंदालाही ठरलेला वार आणि ठरलेले ठिकाण हवे.

वडोदऱ्याचे उदाहरण घेऊ. गायकवाडांच्या राजवटीमुळे या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. दिवाण भाऊ तांबेकर यांच्या एकोणिसाव्या शतकातील वाड्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगविलेली भित्तिचित्रे आहेत: गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारतीय युद्ध आणि ‘नटीर पूजा’. वडोदरा संग्रहालयात अकोटा येथील जैन कांस्यमूर्ती पाहावयास मिळतात. (हे अकोटा वडोदऱ्यातलेच; विदर्भातील अकोल्याशी त्याचा संबंध नाही.)

हे सारे एका दिवसात ‘उरकणारे’ पर्यटक पुष्कळ. निवृत्त माणसाला तशी घाई नसते, आणि माझ्या मते हेच त्याचे खरे भांडवल होय. परिचयातील एक निवृत्त गणितशिक्षक महिनाभर एकच भिंत पाहतात. पहिल्या गुरुवारी ते केवळ बसून राहतात. दुसऱ्या गुरुवारी आकृत्या मोजतात, कोण कोणाकडे पाहत आहे ते टिपतात. तिसऱ्या खेपेस पेन्सिलीने ढोबळ रेखाटन करतात. ते रेखाटन सुबक नसते, याची त्यांना मुळीच खंत नाही. गंगेचा ओघ आपल्या डोळ्याला भिंतीवर कोठून कोठे नेतो, हे हात फिरविल्याशिवाय कळत नाही असे ते म्हणतात. चौथा गुरुवार घरी, त्या विषयावरील वाचनाचा. पत्नीच्या निधनानंतर संध्याकाळी बोलायला कोणी उरले नव्हते. आता शेजारची दोन मुले वही घेऊन त्यांच्याकडे येऊन बसतात.

आता खर्चाविषयी. अनेक ज्येष्ठ नागरिक रंगपेटी घेतानाही कचरतात, कारण तो खर्च औषधपाण्याच्या पैशातून होतो असे त्यांना वाटते. त्यावर उपाय साधा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज दर तिमाहीस मिळते. उदाहरणार्थ, ५ लाख रुपयांवर ८.२ टक्के दराने तिमाहीस १०,२५० रुपये होतात. (खाते उघडतानाचा दर पाच वर्षांच्या मुदतीपर्यंत कायम राहतो, व्याज करपात्र असते, हे ध्यानी असावे.) त्यांतील २,२५० रुपये स्थायी सूचना देऊन वेगळ्या बचत खात्यात वळवावेत. दरमहा ७५० रुपयांत कागद, रंग, प्रवेशशुल्क आणि रिक्षाभाडे बहुधा भागते. उरलेल्या ८,००० रुपयांना हात लागत नाही, आणि छंदावर खर्च करताना मनात अपराधी भावनाही राहत नाही. संग्रहालयाच्या वेळा व सुटीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा.

राहता राहिला नोव्हेंबरातील हयातीचा दाखला. ‘जीवन प्रमाण’ सुविधेत २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीवरून मोबाइलवरच तो देता येतो. त्यासाठी एखादा गुरुवार शाखेतील रांगेत घालविण्याचे कारण उरलेले नाही.