राखणीच्या कुत्र्याची निगा आणि मालकाची जबाबदारी

शेतकरी आपल्या पशुधनाची मोजदाद करतो तेव्हा बैल, गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्या यांची नावे घेतो. परंतु रात्रभर जागून खळ्याची, गोठ्याची व उभ्या पिकाची राखण करणाऱ्या कुत्र्याचे नाव त्यात क्वचितच येते. बैलाला पेंड आणि म्हशीला वैरण वेळेवर मिळते. कुत्र्याच्या वाट्याला मात्र उरलीसुरली भाकरी आणि मिळेल ती जागा येते. ही उपेक्षा केवळ त्या मुक्या प्राण्यालाच भोवते असे नाही. ती घरातील माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, जिवावर बेतू शकते. म्हणून कुत्रा पाळावयाचा तर तो कसा पाळावा, याचा थोडा विचार करू.

पिल्लाची निवड

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. आईच्या व भावंडांच्या सहवासात ते किती जोराने चावावे आणि कोठे थांबावे हे शिकते. फार लवकर आणलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे निघण्याचा संभव असतो. राखणीसाठी आपल्या गावातीलच काटक जात उत्तम. ती आपल्या उन्हापावसाला सरावलेली असते. धनगरांच्या वाड्यांवर आढळणारे कारवानी कुत्रे चपळाईसाठी प्रसिद्ध आहेत. परंतु अशा कुत्र्याला रोज धावण्यास मोकळी जागा लागते. दाट केसांची विदेशी जात केवळ हौसेखातर आणून तिला उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बांधून ठेवणे हे क्रौर्यच होय.

आहार व पाणी

केवळ भाकरी व ताक यांवर कुत्र्याचे पोषण नीट होत नाही. भाकरीबरोबर शिजवलेले अंडे, मांस, मासळी किंवा निदान घट्ट वरण द्यावे. मोठ्या कुत्र्यास दिवसातून दोन वेळा ठरावीक वेळी अन्न द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. द्राक्षबागायतदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शिजवलेली हाडे मोडून त्यांच्या टोकदार सळ्या आतड्यात रुततात, म्हणून तीही देऊ नयेत.

शेळी-मेंढी कापल्यानंतर तिचे कच्चे काळीज, फुप्फुस किंवा आतडी कुत्र्यापुढे टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ती सर्वस्वी सोडून द्यावी. त्या अवयवांतील पाण्याच्या गाठींमधून कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून अंगणात, भाजीपाल्यावर व हातावर येतात आणि माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी धरतात.

कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग थंड करतो. यास्तव सावली आणि स्वच्छ पाण्याचे भांडे या दोन गोष्टी त्याला अहोरात्र मिळाल्याच पाहिजेत.

अंगाची स्वच्छता

आठवड्यातून दोनदा कुत्र्याच्या अंगावरून ब्रश फिरवावा. त्यामुळे गळलेले केस निघतात आणि जखम, लूत किंवा गोचीड वेळीच दृष्टीस पडते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत व गळपट्ट्याखाली गोचीड लपून बसतात. त्या जागा बोटांनी चाचपून पाहाव्यात. स्नान महिन्यातून एकदा पुरे. माणसाचा साबण वापरू नये व स्नानानंतर कान कोरडे करावेत. नखे जमिनीला टेकू लागली की थोडी कापावीत. मुळाजवळच्या रक्तवाहिनीस धक्का लावू नये.

गोचिडांमुळे कुत्र्याला ताप येतो, त्याचे रक्त कमी होते आणि कित्येकदा नाकातून रक्त वाहते. असे असले तरी पिकावर फवारण्याचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळण्याचा मोह टाळावा. कुत्रा अंग चाटतो व ते विष थेट त्याच्या पोटात जाते. गोचिडांवरील औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे. उंदीर मारण्याची आमिषे व औषधांच्या रिकाम्या बाटल्याही कुत्र्याच्या वाटेत ठेवू नयेत.

लसीकरण

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांवरील एकत्रित लस टोचावी आणि पशुवैद्यक सांगतील त्या अंतराने पुढील मात्रा द्याव्यात. डिस्टेंपरची बाधा वन्य प्राण्यांतही आढळते. २०१८ साली गीरच्या सिंहांमध्ये याच रोगाचा विषाणू आढळला होता. तीन महिने पूर्ण होताच पिसाळ रोगावरची लस द्यावी, तिची पूरक मात्रा घ्यावी व पुढे दरवर्षी ती न चुकता टोचावी. टोचल्याची तारीख नोंदवून कार्ड जपून ठेवावे. जंतांचे औषध मोठ्या कुत्र्यास दर तीन महिन्यांनी द्यावे.

पिसाळ रोग : लक्षणे व उपाय

लुई पाश्चर यांनी १८८५ साली या रोगावरील लस प्रथम माणसास टोचली. तेव्हापासून हा रोग टाळता येण्याजोगा झाला; परंतु लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे आजही जवळजवळ अशक्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते.

पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितोच असे नाही, आणि तो नेहमी अंगावर धावून येतो असेही नाही. या रोगाचा एक मुका प्रकार आहे. त्यात कुत्रा अंधारात पडून राहतो, त्याचा आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो व लाळ गळते. घशात हाड अडकले असावे अशा समजुतीने धनी त्याच्या तोंडात हात घालतो आणि येथेच घात होतो. गाय, म्हैस किंवा बैल अशा रीतीने लाळ गाळू लागल्यासही उघड्या हाताने तोंड तपासू नये.

कुत्रा चावल्यास अथवा नुसते ओरखडले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, हळद, मिरची, तेल किंवा पाला लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखम रक्त काढणारी असेल तर लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे औषधही द्यावे लागते. पूर्वीची पोटात टोचावयाची चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली असून हल्लीची लस दंडात चार-पाच भेटींत दिली जाते. तेव्हा भीतीपोटी टाळाटाळ करू नये. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावयाची असते, परंतु दहा दिवस वाट पाहून मग उपचार सुरू करावयाचे नसतात. मुले मार बसेल या धाकाने ओरखडा लपवितात. ते तसे लपविणार नाहीत, इतका विश्वास त्यांना घरात वाटला पाहिजे.

शेजारधर्म

आपला कुत्रा आपल्याला प्रिय असला तरी तो रस्त्याने जाणाऱ्यास प्रिय असतोच असे नाही. पाणवठ्यावर, आठवडी बाजारात, शाळेच्या वाटेवर आणि शहरातील उद्यानात त्याला साखळीनेच न्यावे. सायकलीच्या वा मोटारसायकलीच्या मागे धावण्याची खोड लहानपणीच मोडावी. त्याची विष्ठा दुसऱ्याच्या दारात वा भाजीच्या वाफ्यात राहू देऊ नये. ती उचलून खोल पुरावी. हरीण-सशांच्या मागे त्याला सोडणे हा तर गुन्हाच आहे.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात कुत्र्याला रात्री अंगणात साखळीने बांधून ठेवणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण देणेच होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. कुत्र्यासाठी भक्कम दाराचा, वरून झाकलेला बंदिस्त खुराडा करावा. त्याचे भुंकणे तेथूनही ऐकू येते.

नको असलेली पिल्ले पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडणे हा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे. सोडलेली पिल्ले लस न घेतलेल्या मोकाट टोळ्यांत मिळतात आणि पिसाळ रोगाचे भय वाढवितात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा असतो व वर्षातून दोनदा ती विण्याचा संभव असतो. तेव्हा पिल्ले नको असतील तर योग्य वयात शस्त्रक्रिया करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

गावाचे काम

गावातील शंभरांपैकी निदान सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर पिसाळ रोगाची साखळी तुटते. गोवा राज्याने घरोघरी व गल्लोगल्ली लस टोचण्याची मोहीम चालवून हे करून दाखविले आणि २०२१ साली ते राज्य पिसाळ रोग नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. एका घराने काळजी घेऊन हे साधत नाही. ग्रामपंचायतीने वर्षातून एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यास आगाऊ कळवावे आणि त्या दिवशी प्रत्येकाने आपला कुत्रा दोरीला धरून चावडीपुढे आणावा. ज्या कुत्र्यांना धनी नाही, त्यांना रोज भाकरी घालणाऱ्यांनी त्यांनाही पुढे आणावे. लसीच्या त्या एका टोचणीने गावातील एखाद्या मुलाचा प्राण वाचतो.