मुलानं विचारलं, ‘देव खरंच ऐकतो का?’

आईबाबांनो, हा प्रश्न विश्वासणाऱ्यांच्या घरात कधी ना कधी येतोच. आजी आजारी पडते, सगळी मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करते, पाळकसाहेब घरी येऊन डोक्यावर हात ठेवून जातात. तरीही आजी जाते. मग रात्री कुटुंबप्रार्थनेला बसल्यावर बारा-तेरा वर्षांचं लेकरू विचारतं, “देव खरंच ऐकतो का?” कुठे दृढीकरणाच्या वर्गाला जाणारा मुलगा म्हणतो, “मला हे सगळं पटत नाही, मग मी होकार कसा देऊ?” ऐकून आपल्या पोटात गोळा येतो. लेकरू प्रभूपासून दूर चाललं, आपलंच काही चुकलं, असं वाटायला लागतं.

भीतीपोटी आपण चटकन म्हणतो, “असं बोलू नये, पाप लागतं.” लेकरू गप्प बसतं, प्रश्न मात्र आतच राहतो. पुढे ते लेकरू मित्रांकडे जातं, मोबाईलवर उत्तरं शोधतं, फक्त तुमच्याकडे परत येत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे : मुलानं तुम्हाला विचारलं, म्हणजे त्याचा तुमच्यावर भरवसा आहे. तो मोडू देऊ नका.

पवित्र शास्त्रात आपल्यासारखाच एक बाप आहे. मार्काच्या शुभवर्तमानाचा 9वा अध्याय काढा. मुलगा लहानपणापासून आजारी. झटका आला की कधी विस्तवात पडायचा, कधी पाण्यात. शिष्यांनाही त्याला बरं करता आलं नाही. शेवटी तो बाप येशूपुढे रडत कबूल करतो, की माझा विश्वास आहे, पण तो अपुरा आहे, तूच मला साहाय्य कर. प्रभूनं त्याला ‘आधी विश्वास पक्का कर, मग ये’ असं सांगून परत पाठवलं नाही. त्याच घटकेला मुलगा बरा झाला. आपला विश्वास किती घट्ट आहे यावर सगळं अवलंबून असतं, तर त्या बापाला रिकाम्या हातानं जावं लागलं असतं. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो समर्थ आहे, हाच आपला आधार.

थोमाकडेही पाहा. आपण त्याला ‘संशयी’ म्हणून मोकळे होतो. पण प्रभू उठला हे त्याला पटत नव्हतं, तेव्हाही बाकीच्या शिष्यांनी त्याला घराबाहेर काढलं नाही. आठ दिवसांनी प्रभू आला, तेव्हा थोमा त्यांच्यातच होता, म्हणून त्याची भेट झाली. हाच थोमा पुढे शुभवर्तमान घेऊन भारतात आला, अशी आपल्या देशातल्या ख्रिस्ती लोकांची जुनी परंपरा सांगते. लेकराला पटत नसेल, त्या दिवसांतही घरात, जेवणाच्या पंगतीत, प्रार्थनेत त्याची जागा तशीच राहू द्या. ‘तू आता आमच्यातला नाहीस’ असं त्याला वाटेल, असा एक शब्दही तोंडून जाऊ देऊ नका.

आपल्या महाराष्ट्रातही अशी उदाहरणं आहेत. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही त्या शिकवणुकीबद्दल प्रश्न विचारत राहिल्या, आपल्या धर्ममातेशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटायला आणखी आठ वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. त्याच रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणलं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 मध्ये. मधली वर्षं किती जड गेली, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचायला मिळतं. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या मनानं, स्वतःच्या पावलांनी. देवाला घाई नसते. आपणही लेकराच्या मागे घाई लावू नये.

कुणी म्हणेल, संशय धरणारा वाऱ्यानं हेलकावणाऱ्या लाटेसारखा असतो, असं याकोबानंच लिहिलं आहे ना? लिहिलं आहे. पण त्याच्या आधीचं वचनही वाचा : ज्याला ज्ञान उणं आहे त्यानं देवाकडे मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो. यहूदाच्या छोट्याशा पत्रात तर संशयात पडलेल्यांवर दया करा, असंच सांगितलं आहे. देव दोष लावत नाही, तर आपण का लावावा?

मग करायचं काय? प्रश्न पूर्ण ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. उत्तर ठाऊक नसेल तर “मलाही कळत नाही, आपण मिळून प्रभूला विचारू” असं सरळ सांगा. स्तोत्र 13 लेकराबरोबर वाचा. तिथं दावीद देवालाच ‘कुठवर?’ असं विचारतो. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे. रागसुद्धा देवापुढे नेता येतो, हे लेकराला तुमच्याकडून कळू द्या. “प्रार्थना केलीस की पास होशील,” असलं वचन देवाच्या नावावर देऊ नका. आणि “तुझा विश्वास कमी पडला म्हणून आजी गेली,” हे तर कधीही म्हणू नका. पौलानं आपल्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. खुद्द प्रभूनं गेथशेमानेत प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही, पण पित्यानं त्याला मरणात सोडलंही नाही. आजीसाठी केलेली प्रार्थना वाया गेली नाही, असं आपण म्हणतो ते याच पुनरुत्थानाच्या आशेवर.

तुमच्या स्वतःच्या मनातही शंका असतील. नोकरी गेली, कर्ज फिटेना, दुखणं हटेना, आणि वर्षानुवर्षं मागूनही उत्तर दिसेना. त्या शंका लपवून लेकरापुढे खंबीर असल्याचं सोंग आणू नका. मुलांना सोंग लगेच कळतं. आपली आई रडत रडत का होईना, देवाकडेच जाते, हे त्यांनी पाहिलं पाहिजे. भरवसा मुलं त्यातूनच शिकतात. तेव्हा पुढच्या वेळी घरात तो प्रश्न आला की लेकराला जवळ बसवा, त्याच्याच शब्दांत तो प्रश्न प्रभूपुढे ठेवा आणि आमेन म्हणा. लेकरू आपल्या हातून निसटेल अशी भीती वाटली, तरी ते आपल्याआधी प्रभूच्या हातात आहे, आणि त्या हातातून कुणी त्याला हिसकावून घेऊ शकत नाही.