सेल्फ मारण्याआधी

बंद पडलेली जुनी गाडी दिसली की घरातल्या सगळ्यांना एकच सुचतं: नवी बॅटरी आणा, दोन लिटर पेट्रोल ओता आणि सेल्फ मारून बघा. रोह्याला काकांची प्रीमियर पद्मिनी पत्र्याच्या पडवीत वर्षानुवर्षं उभी होती. पेणला ताईच्या घरी दाजींची तशीच दुसरी. दोन्ही ऐंशीच्या दशकातल्या, दोन्ही कुर्ल्याच्या कारखान्यातल्या आणि आमच्या तोंडी दोन्ही ‘फियाट’च.

दाजींनी सेल्फ मारला. इंजिन भुरभुरत सुरूही झालं. आळीतली पोरं टाळ्या वाजवत होती तोवर आतून खटखट ऐकू आली आणि ते थांबलं. हेड उघडल्यावर कळलं, की दोन व्हॉल्व गंजून जागेवरच धरले होते, त्यांचे पुशरॉड वाकले होते आणि गंजावरून घासत गेलेल्या रिंगांनी एका बोअरला ओरखडे पाडले होते. पुढे बोरिंग, मोठ्या मापाचे पिस्टन, नवे व्हॉल्व असं अख्खं इंजिनकाम निघालं. काकांची गाडी आम्ही त्यानंतर हातात घेतली आणि ती सावकाश, पण धडपणे सुरू झाली. दोन्ही गाड्या जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: उभं राहून झालेलं नुकसान बहुधा दुरुस्त होतं, जे कायमचं मोडतं ते घाईच्या पहिल्या पाच मिनिटांत मोडतं.

आधी कागद

पान्याला हात लावण्याआधी आरसी पुस्तक शोधा. रायगडचं आरटीओ कार्यालय पेणला आहे, एमएच-०६ ही त्याचीच पाटी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी नमुना २५ भरतात. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर त्यावर वेगळे. दिल्ली परिसरातला पेट्रोल गाड्यांचा पंधरा वर्षांचा नियम आपल्याकडे नाही, त्यामुळे ‘आता ही भंगारातच जाणार’ हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतर हवं, त्यासाठी नमुना ३१. घरात चार वारस असतील तर सगळ्यांच्या सह्या मिळतील का, हे इंजिन उघडण्याआधी विचारलेलं बरं. पैसे ओतून गाडी सुरू झाली आणि कागदावर अडकली, तर ती पुन्हा पडवीतच उभी राहते.

नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवत नेऊ नका. रोहा ते पेण चाळीसएक किलोमीटर, वाटेत नागोठणं आणि वडखळची अवजड वाहतूक. आम्ही गाडी ट्रकवर चढवून नेली. त्या भाड्यात कसर करण्यासारखं काही नाही.

इंजिन का धरतं?

देशावर उभ्या गाडीत धूळ भरते, कोकणात ओल भरते. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पेणच्या गणपती कारखान्यांतल्या मूर्तिकारांना श्रावणात मूर्ती वाळवताना ज्या हवेशी झगडावं लागतं, तीच हवा चार महिने इंजिनात शिरून बसते. ती शिरते कशी? चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी कुठल्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व उघडाच राहतो. सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून ओली हवा थेट त्या सिलिंडरपर्यंत जाते. भिंतीवरची तेलाची झिलई केव्हाच ओघळून गेलेली असते. मग लोखंडी बोअर गंजतो आणि पिस्टनची रिंग त्याला चिकटते. म्हणून बहुतेक वेळा सगळं इंजिन धरलेलं नसतं. एखाददुसरा सिलिंडर धरलेला असतो आणि तो बाकीच्यांना अडवतो. एवढं समजलं की जोर लावण्याची खुमखुमी आपोआप कमी होते.

आधी नुसतं बघा

बॉनेट उघडा आणि कशालाही हात न लावता बॅटरीच्या प्रकाशात नीट पाहा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का? एअर फिल्टरमध्ये चिंध्या आणि काथ्याचं घरटं आहे का? कुंभारीण माशीने मातीची घरं बांधून नळ्यांची तोंडं बंद केलीत का? ही माशी सायलेन्सर, पेट्रोलची नळी, काहीच सोडत नाही. सीटखाली हात घालण्याआधी काठी फिरवा. पडवीतल्या गाडीत साप निघणं आमच्याकडे नवलाचं नाही.

मग डीपस्टिक काढा. तेल काळं असेल तर हरकत नाही, दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. चेंबरचा नट हळू सैल करा. पाणी तेलाहून जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. चार थेंब आले तर ती ओल धरल्याची खूण. धारच लागली, तर गॅस्केट किंवा हेड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तेल पाजा आणि थांबा

चारही प्लग काढा आणि प्रत्येक भोकातून थोडं पातळ तेल सोडा. आमच्या मिस्त्रीकाकांनी इंजिन ऑइलमध्ये थोडं डिझेल मिसळून घेतलं होतं. मग काहीच करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं सोडा. तेल रिंगांच्या फटीत उतरायला वेळ लागतो आणि तो वेळ पैशाने वाचत नाही.

नंतर क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळू फिरवून बघा. जरा हलली की उलट फिरवा, मग पुन्हा सुलट. पान्याला लांब पाइप जोडून लटकायचं नाही. गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढण्याचा सल्ला देणारे गावोगाव भेटतील. “ओढली की सुटेल,” असं आम्हालाही एकाने सांगितलं. मिस्त्रीकाका म्हणाले, “सुटेल हो. पण काय सुटेल ते सांगता येत नाही.”

इंजिन पूर्ण फेरा घ्यायला लागलं की टॅपेट कव्हर उघडा. आठही व्हॉल्व खाली जाऊन परत वर येतात का, हे डोळ्यांनी पाहा. एखादा खालीच राहिला तर त्याच्या दांड्यावर तेल सोडा आणि तो मोकळा होईपर्यंत थांबा. दाजींच्या गाडीत हीच एक पायरी गाळली गेली होती.

सगळं मोकळं झाल्यावर चेंबरमध्ये नवं तेल भरा. मगच बॅटरी जोडा आणि प्लग न लावता, कॉइलची वायर काढून ठेवून, थोडा थोडा सेल्फ मारा. वर रॉकरपर्यंत तेल पोचलेलं दिसलं पाहिजे. कोरड्या इंजिनात ठिणगी पाडायची नाही.

पेट्रोल नवं, वाटही नवी

जुन्या पेट्रोलचा वास वार्निशासारखा येतो. ते कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट राळ होऊन बसतं. त्यावर नवं पेट्रोल ओतलं तर तो सगळा चिखल विरघळून पुढे सरकतो. म्हणून टाकी उतरवा, रिकामी करा, धुऊन गंज काढा. इथे एक ताकीद: टाकीला भोक असेल तर ‘रिकामीच आहे’ म्हणून वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीहून धोक्याची असते. हे काम टाकीतली वाफ घालवण्याची पद्धत माहीत असलेल्या माणसाचं आहे.

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं, वीस टक्क्यांपर्यंत. पद्मिनी बनली तेव्हाच्या रबराला याची सवय नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, पाझरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पुरेसं पाणी शोषलं की ते पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतं. तेव्हा सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा आजच्या पेट्रोलला टिकणारे घ्या आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवून ठेवू नका.

सुटे भाग शोधायला वेळ हाताशी ठेवा. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्स्या होत्या तोवर त्यांची चिंता नव्हती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून जुना भाग उतरवला की तो फेकायचा नाही, हा नियम. ठिणगीची बाजू मात्र सोपी आहे: डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून कोरडी करा, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, कंडेन्सर बदला.

पहिला आवाज

गाडी पडवीबाहेर, मोकळ्यावर काढा. बंद जागेत सायलेन्सरमधला विषारी वायू कळण्याआधी माणूस कोसळतो. वाळूची बादली हाताशी ठेवा. रेडिएटरमध्ये कूलंट भरा. खारेपाटातल्या बोअरचं पाणी तर कधीच नको. त्यातला खार आतून लोखंड आणि रेडिएटर दोन्ही खातो.

इंजिन सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटर दाबून गुरगुरवू नका. नजर तेलाच्या दिव्यावर ठेवा. तो काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. सुरुवातीला धूर होणारच, आपणच पाजलेलं तेल जळत असतं. तो ओसरला तर ठीक. निळा धूर थांबलाच नाही तर रिंगा गेल्या. पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे, तर गॅस्केट. इंजिन थोडं चाललं की ते नवं तेलसुद्धा काढून टाका. आतला सगळा गंज त्यात उतरलेला असतो.

आधी ब्रेक, मग रस्ता

आवाज आला की माणसाला फेरी मारायची असते. धोका इथेच आहे. ब्रेक ऑइल ओल ओढतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. पेडल आज घट्ट लागेल आणि उतारावर पायाखाली जाईल. चारही ड्रम उघडून सिलिंडर, रबर आणि ऑइल बदलल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नका. क्लच प्लेट चिकटलेली असू शकते. पेडल दाबूनही गिअर पडत नसेल तर ती सोडवून घ्या. टायरची नक्षी पाहून फसू नका. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तसे आकडेच नसतील किंवा दहा वर्षं उलटली असतील तर टायर बदला. मग विमा, पीयूसी, उच्च सुरक्षा पाटी आणि आरटीओची तपासणी.

शेवटचं, आणि खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. सुरू केलेली गाडी आठवड्यातून एकदा तरी चांगली गरम होईपर्यंत चालवावी लागते. अंगणात पाच मिनिटं फुरफुरवल्याने उलट सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी साठतं. एवढा वेळ तुमच्याकडे नसेल तर इंजिन सुरू करण्याच्या फंदात पडू नका. टाकी रिकामी करा, सिलिंडरमध्ये तेल सोडा, प्लग परत बसवा, बॅटरी काढून ठेवा, सायलेन्सरचं तोंड बांधा आणि चाकं ठोकळ्यांवर उचलून ठेवा. नाहीतर ज्याच्याकडे वेळ आहे अशा माणसाला गाडी देऊन टाका. धड इंजिनाची गाडी घ्यायला माणूस मिळतो. घाईने फोडलेल्या इंजिनाची गाडी भंगारवाला वजनावर नेतो.