विरळ हवेचं गणित

परीक्षा संपली की आपल्याकडे ट्रेकचे बेत सुरू होतात. राजगड झाला, हरिश्चंद्रगड झाला, आता एकदम हिमालय! बेत उत्तमच आहे. पण महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, आणि लडाखमधलं लेह शहर सुमारे ३५०० मीटर. म्हणजे पाठीवर सॅक चढवण्याआधीच आपण दोन कळसूबाई चढलेलो असतो, तेही विमानात बसून! त्रासाची सुरुवात इथेच होते.

उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. प्रमाण तेच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास असतो, तर ५५०० मीटरवर जवळजवळ निम्मा. दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही कमी.

आता शरीर काय करतं? कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर ही एक क्लोज्ड लूप सिस्टिम आहे. मानेतल्या रक्तवाहिनीजवळचे सेन्सर ऑक्सिजन घटल्याचं ओळखतात आणि श्वास वाढतो. पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कलाइन होतं आणि मेंदू श्वासाला ब्रेक लावतो. हा ब्रेक सोडवते किडनी, जास्तीचं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकून. या कामाला काही दिवस लागतात. हाच आपल्या सिस्टिमचा टाइम कॉन्स्टंट, आणि तो जिममध्ये जाऊन कमी होत नाही!

१९६२ च्या युद्धात आपले अनेक जवान अशी सवय व्हायला वेळ न मिळताच उंचावर पोचले. पुढे डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. हे काही लेचेपेचे लोक नव्हते, तरी त्यांना त्रास झालाच.

म्हणून नियम असा: ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं.

एक उदाहरण सोडवू. लडाखची मारखा व्हॅली घ्या (उंची अंदाजे). आधी लेहमध्ये दोन-तीन दिवस आराम. मग स्किऊ ३४००, मारखा ३७००, हांकर ४०००. इथपर्यंत ठीक. पुढे निमालिंग ४७००. एकदम ७०० मीटर, नियम मोडला! म्हणून मध्ये थाचुंगत्सेला ४२०० मीटरवर एक मुक्काम वाढवायचा. शेवटी कोंगमारू ला ही ५२०० मीटरची खिंड. पण ती ओलांडून त्याच दिवशी खाली उतरतो, म्हणून चालतं.

एवढं करूनही डोकं दुखलं, मळमळलं, तर तिथेच थांबा. बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, तर फुप्फुसात पाणी साठत असू शकतं. सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालताना तोल जात असेल, तर मेंदूला सूज येत असू शकते. दोन्ही जिवावर बेतणारे आजार आहेत. उपाय एकच, लगेच खाली उतरायचं. मग रात्र असो की पाऊस, आणि आजाऱ्याला कधीही एकटं सोडायचं नाही. डायमॉक्सची गोळी किडनीच्या त्याच कामाला मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

खरी अडचण गणितात नाही, ग्रुपमध्ये आहे. परतीचं तिकीट काढलेलं असतं, पैसे भरलेले असतात, आणि आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बुडेल म्हणून एखादा डोकेदुखी लपवतो. तेव्हा निघण्याआधीच ठरवून टाका: एक दिवस हातचा ठेवायचा, आणि रोज संध्याकाळी प्रत्येकाला विचारायचं, "डोकं दुखतंय का रे?" जो खरं सांगेल त्याची चेष्टा करायची नाही. खिंड कुठे पळून जात नाही. पुढच्या सुट्टीतही ती तिथेच असेल!