एकदम सोडू नकोस

पोरी, सोसायटीच्या मेंटेनन्सचं ॲप जावास्क्रिप्टमध्ये लिहायला घेतलंयस, तर पावतीचं काम नीट समजून घे. तू सर्व्हरला शेवटचा क्रमांक विचारणार, त्यात एक मिळवणार आणि नवी पावती लिहिणार. चाळीस फ्लॅटांच्या विनंत्या एकदम सुटल्या तर सगळ्यांना उत्तर एकच मिळेल, २१६. मग चाळीस घरांत २१७ नंबरचीच पावती! ऑडिटरला काय सांगशील?

हल्लीची मुलं अशा वेळी फॉरईच लावतात आणि आत अवेट लिहितात. दिसायला छान, उपयोग शून्य. आतल्या फंक्शनकडून आलेल्या प्रॉमिसकडे, म्हणजे 'निकाल नंतर देतो' या हमीकडे, फॉरईच ढुंकूनही बघत नाही. सगळी कामं एकदम सुरू करून मोकळं होतं आणि लगेच खालची ओळ छापली जाते : 'सर्व पावत्या तयार'. तेव्हा एकही झालेली नसते. त्यापेक्षा असिंक फंक्शनमध्ये साधं फॉर-ऑफ घे आणि त्यात अवेट कर.

दुसरी खोच इथे आहे. मॅपने आधी प्रॉमिसांची यादी करायची आणि मग एकेकाची वाट बघायची, हेही चालत नाही. प्रॉमिस हातात आलं तेव्हाच काम निघालेलं असतं. तू फक्त निकाल क्रमाने वाचतेस. यादीत फंक्शनं ठेव आणि पाळी आली की हाक मार.

अवेटमुळे पान गोठेल, अशी भीती बाळगू नकोस. स्लो लोकल शीवला थांबते तेव्हा फास्ट बाजूच्या रुळावरून निघून जातेच ना? थांबतं ते तुझं तेवढं फंक्शन. बटणं, स्क्रोल सगळं चालू राहतं.

जुन्या कोडमध्ये रिड्यूस लावून देनला देन जोडलेले सापडतील. प्रॉमिस भाषेत आलं २०१५ ला, असिंक-अवेट २०१७ ला. मधल्या दोन वर्षांतली ही कसरत. वाचता आली पाहिजे, नव्याने लिहू नकोस. त्यात कुणी रिटर्न विसरला असेल तर पुढचं काम मागच्यासाठी थांबत नाही. बग शोधताना पहिल्यांदा तेच बघ.

चूक कुठे पकडायची तेही ठरव. पावती फसली तर तिथेच थांबायचं, म्हणून ट्राय-कॅच लूपच्या बाहेर. पावती झाल्याच्या ईमेलचं तसं नाही. एक गेली नाही म्हणून बाकीच्या अडवायच्या कशाला? त्यांना क्रमही लागत नाही. प्रॉमिस-ऑलसेटल्ड वापर आणि न गेलेल्यांची नोंद ठेव. सगळंच रांगेत उभं करणारा प्रोग्रॅमरही काही कामाचा नाही.

आणि हो, सेक्रेटरी आणि खजिनदार एकाच वेळी दोन फोनवरून पावत्या करायला बसले, तर तुझी ही रांग दोघांच्या ब्राउझरमध्ये वेगवेगळी चालणार आणि नंबर पुन्हा आदळणार. म्हणून क्रमांक ब्राउझरमध्ये काढूच नकोस. तो डेटाबेसला देऊ दे आणि त्या रकान्यावर युनिकची अट आजच घाल.